मूत्रपिंड, हृदय आणि मेंदूचे नाते उलगडणारे डॉ. रिचर्ड ब्राइट

मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेला एक चमचा आणि त्यात रुग्णाची थोडी लघवी. ती तापताच अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळली, की लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांना या रुग्णाची मूत्रपिंडे बिघडल्याचा संशय येत असे. या साध्या परीक्षेने वैद्यकशास्त्राला नवी दिशा दिली.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १८१० मध्ये ते आइसलँडच्या शोधमोहिमेत सहभागी झाले. पुढे हंगेरीचा प्रवास करून त्यांनी त्यावर सचित्र ग्रंथही लिहिला. बारकाईने पाहण्याची आणि पाहिलेले नोंदवून ठेवण्याची ही सवय त्यांना रुग्णालयात उपयोगी पडली. १८२० मध्ये ते गाईजमध्ये साहाय्यक वैद्य म्हणून रुजू झाले आणि १८२४ मध्ये पूर्ण वैद्य झाले.

अंगावर सूज, लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन आणि शवविच्छेदनात आढळणारी विकृत मूत्रपिंडे यांची सांगड त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घातली. हा विकार पुढे ‘ब्राइट्स डिसीज’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ग्रंथाचा दुसरा भाग १८३१ मध्ये आला, तो मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांवर होता.

या दोन विषयांतील दुवा त्यांना रुग्णशय्येपाशीच सापडत गेला. मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण अखेरीस झटके येऊन, बेशुद्धावस्थेत किंवा मेंदूच्या आघाताने दगावत. १८३६ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचा तक्ता मांडला. अनेकांचे हृदय वाढलेले होते. बिघडलेल्या रक्तामुळे सूक्ष्म वाहिन्यांतून प्रवाह पुढे ढकलण्यास हृदयाला अधिक जोर लावावा लागत असावा, असा तर्क त्यांनी केला. तो जोर मोजण्याचे साधन मात्र त्यांच्या हाती नव्हते. १८४२ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ४२ खाटांचा स्वतंत्र विभाग आणि त्याला जोडून प्रयोगशाळा उभी राहिली. आजार ओळखता येत होता, पण आघात टाळता येत नव्हता.

राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांत स्थान मिळालेले ब्राइट १६ डिसेंबर १८५८ रोजी हृदयविकाराने निधन पावले.

त्यांचे अपुरे काम गाईजमध्येच पुढे गेले. लंडनमध्ये भारतीय उपाहारगृह काढणारे पाटण्याचे दीन महंमद यांचे नातू डॉ. फ्रेडरिक अकबर महंमद यांनी १८७० च्या दशकात नाडीचा आलेख काढून, मूत्रपिंड बिघडण्यापूर्वीही धमन्यांतील ताण वाढलेला असू शकतो, हे दाखवले. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा रक्तदाबमापक आला. ब्राइट यांच्या निधनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५८ मध्ये, क्लोरोथायाझाइड हे रक्तदाबावरील परिणामकारक औषध बाजारात आले. रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास पक्षाघात टळतात, हे १९६७ मधील अमेरिकी चाचणीने सिद्ध केले.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. वाढलेला रक्तदाब, कठीण झालेल्या धमन्या आणि हृदयाची अनियमित लय ही त्याची प्रमुख कारणे. म्हणूनच रक्तदाब नियमित मोजणे, लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासणे, दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवणे, तंबाखू सोडणे आणि मधुमेह काबूत ठेवणे आवश्यक ठरते. कोलेस्टेरॉलवरील गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो. बरे वाटते म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे घातक आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही जाणवताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

ब्राइट यांच्या चमच्याची जागा आज प्रयोगशाळेतील साध्या तपासणीने घेतली आहे. त्यांना केवळ नोंदवता आलेला धोका आज वेळीच रोखता येतो. मात्र, त्यासाठी ती तपासणी करून घ्यायला हवी.