मॉरिशसचे फादर लाव्हाल

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घोरावाडी नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. त्याच्या जवळच्या डोंगरांत काळ्या खडकांत कोरलेलीं जुनीं बौद्ध लेणीं आहेत. ज्या खडकावर त्या काळच्या कारागिरांनीं छिन्नी चालविली, तो एके काळीं वितळलेला अग्निरस होता. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून निघालेल्या ह्या रसाचे थर एकावर एक थिजत गेले आणि त्यांतूनच दख्खनचें पठार व सह्याद्रीचे कडे घडले. त्या वेळीं भरतखंड आजच्या जागीं नव्हतें. तें पुष्कळ दक्षिणेस, हिंदी महासागरांत होतें. पुढें तें उत्तरेस सरकत आलें. परंतु भूगर्भांतील तें तप्त स्थान मागेंच राहिलें. त्याच स्थानानें पुढें मालदीव व चागोस बेटांचे पाये रचले आणि शेवटीं मॉरिशस व रियुनियन हीं बेटें समुद्रांतून वर काढलीं, असें भूस्तरशास्त्रज्ञांचें मत आहे. म्हणजे मावळांतील डोंगर आणि मॉरिशसचे डोंगर हे एकाच चुलीवरचे होत. त्या दूरच्या बेटावर ज्या एका पुरुषानें आपलें आयुष्य वेंचलें, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज ह्या तीन मुख्य बेटांच्या समूहास मास्करीन द्वीपसमूह म्हणतात. ह्यांपैकीं रियुनियनवरील एक ज्वालामुखी अद्यापि जागृत असून त्याच बेटाचें सर्वोच्च शिखर १०,००० फुटांहून उंच आहे. मॉरिशस मात्र आकारानें व उंचीनें बेताचें. त्याचें क्षेत्रफळ पुणें जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाहूनहि थोडें कमी, आणि सर्वांत उंच शिखर सुमारें २,७०० फूट. येथील ज्वालामुखी फार पूर्वींच शांत झाले. एका प्रचंड प्राचीन ज्वालामुखीची कड झिजून तिचे जे तुटक अवशेष उरले, तेच आजचे डोंगर. पोर्ट लुई ह्या राजधानीच्या पाठीशीं ते भिंतीसारखे उभे आहेत. एकाचा आकार उभ्या आंगठ्यासारखा, तर दुसऱ्याच्या टोकावर माणसाच्या मस्तकाएवढा भासणारा, परंतु वस्तुतः प्रचंड असा एक गोलसर धोंडा तोललेला आहे. आंगठ्याच्या डोंगरावर इ. स. १८३६ मध्यें चार्ल्स डार्विन चढून गेला होता. बेटाभोंवतीं बहुतेक सर्वत्र पोंवळ्यांच्या खडकाचें कडें आहे. त्याच्या आंतील पाणी तळ्यासारखें शांत व किनारा पांढऱ्या वाळूचा. जेथें हें कडें तुटलें आहे, तेथें मात्र दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा काळ्या कड्यांवर आपटून फुटतात.

अशा ह्या रम्य भूमीवर मनुष्यानें मनुष्याचा जो छळ केला, तो विसरण्यासारखा नाहीं. फ्रेंच अमलांत आफ्रिका व मादागास्कर येथून हजारों लोक धरून आणले गेले व उंसाच्या शेतांत गुलाम म्हणून राबविले गेले. बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास समुद्रांत घुसलेला ल मोर्न नांवाचा सुमारें १,८०० फूट उंचीचा उभा कडा आहे. पळालेले गुलाम त्याच्या गुहांत व माथ्यावर आश्रय घेत. शिपाई वर येत आहेत असें पाहून त्यांपैकीं कित्येकांनीं कड्यावरून उड्या टाकल्या, आणि ते शिपाई तर गुलामगिरी उठल्याची वार्ता सांगावयास येत होते, अशी करुण कथा तेथील लोक परंपरेनें सांगत आले आहेत. इ. स. १८१० मध्यें बेट इंग्रजांकडे गेलें व १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. तरीहि ह्या लोकांस आणखी चार वर्षें उमेदवारीच्या नांवाखालीं जुन्या धन्यांकडेच राबावें लागलें. इ. स. १८३९ मध्यें ते खरोखर सुटले. परंतु त्यांस ना जमीन, ना अक्षरओळख, ना कोणी पुसणारा. बेडी तुटली, पण हात रिकामेच राहिले.

झाक देझिरे लाव्हाल ह्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८०३ रोजीं फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांत क्रोत नांवाच्या खेड्यांत एका सुखवस्तु शेतकरी कुटुंबांत झाला. बालपणींच मातेचें छत्र हरपलें. धर्मगुरु असलेल्या चुलत्याजवळ त्यांचें आरंभींचें शिक्षण झालें. पुढें पॅरिस येथें वैद्यकाचा अभ्यास करून इ. स. १८३० मध्यें ते डॉक्टर झाले व आपल्याच प्रांतांत व्यवसाय करूं लागले. रोगी पुष्कळ, मान पुष्कळ, उत्तम पोशाख व घोड्यावर बसण्याची आवड; धर्माकडे मात्र लक्ष उणें. एकदां घोड्यावरून पडून मोठा अपघात झाला. त्या प्रसंगानें त्यांची वृत्ति अंतर्मुख झाली. शरीराचीं दुखणीं बरीं करीत असतां स्वतःच्या आत्म्याची आपण किती उपेक्षा केली, हा विचार त्यांस सोडीना. इ. स. १८३५ मध्यें त्यांनीं व्यवसाय सोडला व धर्मशिक्षणालयांत प्रवेश केला. २२ डिसेंबर १८३८ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पँतरव्हील ह्या लहान गांवीं सुमारें दोन वर्षें सेवा करून त्यांनीं फ्रान्स देश कायमचा सोडला. निग्रो लोकांची सेवा करण्यासाठीं फादर लिबरमान ह्यांनीं स्थापिलेल्या नव्या संघांत ते सामील झाले होते.

१४ सप्टेंबर १८४१ रोजीं बिशप कॉलिअर ह्यांच्यासमवेत ते पोर्ट लुई बंदरांत उतरले. वय जवळजवळ अडतीस वर्षांचें. समोर साठ हजारांहून अधिक मुक्त गुलामांचा समाज, आणि त्यांच्यासाठीं आलेले मिशनरी ते एकटेच. शहरांतील प्रतिष्ठित लोक फ्रेंच बोलत. परंतु गरिबांची बोली क्रेओल होती, व सुशिक्षित लोक तिला तुच्छ लेखीत. फादर लाव्हाल ह्यांनीं प्रथम ती बोली शिकली आणि तिच्यांतच साध्या शब्दांत धर्मशिक्षण देण्यास सुरुवात केली. दिवसभर राबून माणसें मोकळीं होत तीं सायंकाळीं. म्हणून शिकवणीची वेळहि सायंकाळचीच ठेविली. गरिबांसाठीं रविवारीं वेगळी उपासना सुरू केली. ह्या पॅरिसच्या पदवीधराची राहणी इतकी साधी होती कीं, त्याच्या भेटीस येणाऱ्या गरिबास संकोच वाटूं नये.

जमीनदारवर्गास हें रुचलें नाहीं. कालचा गुलाम देवळांत आपल्या शेजारीं बसतो, ही गोष्टच त्यांस असह्य वाटे. फादर लाव्हाल ह्यांची थट्टा झाली, त्यांस अपशब्द ऐकावे लागले, त्यांच्या सभांत दंगेहि झाले. त्यांनीं प्रत्युत्तर दिलें नाहीं व कामहि सोडलें नाहीं.

त्यांच्या कार्याचें मर्म असें कीं, त्यांनीं लोकांस केवळ ऐकणारे ठेविलें नाहीं. जे शिकले त्यांसच त्यांनीं शिक्षक केलें. मुक्त झालेल्या स्त्री-पुरुषांतून त्यांनीं मदतनीस निवडले. हे लोक वस्तीवस्तींतून शेजाऱ्यांस प्रार्थना शिकवीत, आजाऱ्यांची खबर आणीत, भांडणें मिटवीत. डोंगरांच्या पायथ्याशीं व समुद्रकांठीं लोकांनीं स्वतःच्या श्रमानें लहान लहान प्रार्थनामंदिरें उभारलीं. गुलामगिरींत नवरा-बायको, आई-मूल हीं नातीं धन्याच्या मर्जीवर असत. विक्रीच्या एका सौद्यानें घर मोडे. म्हणून विवाह पवित्र मानून कुटुंब उभें करणें ह्या गोष्टीस त्यांनीं फार महत्त्व दिलें. ज्यांस आजवर मालमत्ता म्हणून मोजलें गेलें, त्यांस गृहस्थ होण्याचा मान त्यामुळें मिळाला. तुरुंगांतील कैदी, रुग्णालयांतील निराधार ह्यांच्याकडे ते नियमानें जात. इ. स. १८५४ मध्यें बेटावर पटकीची भयंकर सांथ आली. त्या वेळीं एके काळचा हा डॉक्टर व त्याचे मदतनीस रोग्यांच्या उशापायथ्याशीं राहिले. धर्मगुरु होतांना त्यांनीं वैद्यकी सोडली होती. परंतु वैद्याचे हात त्यांचे त्यांजपाशींच होते.

अतिश्रमानें पुढें त्यांची प्रकृति ढांसळली. शेवटचीं कांहीं वर्षें त्यांस फिरणें अशक्य झालें. तरी येणाऱ्या प्रत्येकास ते भेटत. ९ सप्टेंबर १८६४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले. पोर्ट लुईजवळ, डोंगरांच्या छायेंत, सेंत क्र्वा येथें त्यांस मूठमाती देण्यांत आली. २९ एप्रिल १९७९ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें.

ह्या कथेशीं आपला आणखीहि एक संबंध आहे. गुलामगिरी उठण्याच्या सुमारास उंसाच्या शेतांसाठीं मळेवाल्यांनीं करारानें हिंदी मजूर आणविले. २ नोव्हेंबर १८३४ पासून सुरू झालेल्या ह्या ओघांत पुढें मुंबई बंदरांतून मराठी माणसेंहि गेलीं. त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. त्यांचे वंशज आज तेथें आहेत, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. फादर लाव्हाल ह्यांचें मुख्य कार्य मुक्त गुलामांत होतें, हें खरें. परंतु दर वर्षीं सप्टेंबरच्या ८ तारखेच्या रात्रीपासून त्यांच्या समाधीकडे जी पायीं जाणाऱ्यांची रीघ लागते, तींत ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान असे सर्वच असतात. समाधीपाशीं कोणी कोणाची जात वा धर्म पुसत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, कायद्यानें बेडी तोडतां येते. परंतु ज्याची बेडी तुटली त्यास आपल्या शेजारीं बसवून घेण्याचें काम कायदा करूं शकत नाहीं. तें माणसालाच करावें लागतें. फादर लाव्हाल ह्यांजपाशीं विद्या होती, पदवी होती, सुखाचा मार्ग मोकळा होता. त्यांनीं ती विद्या घेऊन ज्यांना कोणी शिकवीत नव्हतें त्यांच्याकडे जाणें पसंत केलें, आणि शिकविण्यापूर्वीं त्यांची बोली ते स्वतः शिकले. आपल्या मावळांतहि, डोंगराच्या कुशींतील वाड्यावस्त्यांत, शाळेची पायरी न चढलेलीं माणसें आहेत. त्यांच्याकडे जाण्यास समुद्र ओलांडावा लागत नाहीं.