गिटहबवर प्रोफाइल सजवणाऱ्यांनी किर्लोस्करवाडीच्या शंकररावांची गोष्ट वाचायलाच हवी

सातारा-सांगलीकडची पोरं आयटीतल्या नोकरीच्या तयारीला लागली, की बायोडाटासोबत गिटहबचं प्रोफाइलही सजवायला घेतात. २०२० मध्ये गिटहबने त्यासाठी एक सोय दिली. आपल्याच युजरनेमची पब्लिक रिपॉझिटरी बनवायची आणि त्यात रीडमी फाइल टाकायची. ती थेट प्रोफाइलवर दिसते. फाइल लिहायची मार्कडाउनमध्ये. ओळीआधी हॅश आणि एक स्पेस दिली की हेडिंग, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार दिले की ठळक अक्षर. एक लिंक चिकटवली की तुमच्या कामाच्या आकड्यांचं कार्ड येतं आणि ते आपोआप अपडेट होत राहतं.

इथवर सोपं आहे. अवघड प्रश्न पुढचा. हे पान दुसऱ्याने का वाचावं?

हाच प्रश्न बरोबर १०० वर्षं आधी, १९२० मध्ये, शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्यासमोर होता. महाराष्ट्र त्यांना शंवाकि म्हणून ओळखतो.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, सोलापूरचा. ओढा चित्रकलेकडे. त्यासाठी ते थेट लाहोरला पंडित सातवळेकरांकडे शिकायला गेले. पण पुढे घरच्या कारखान्याने त्यांना ओढून घेतलं.

हा कारखाना त्यांचे काका लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी संस्थानातलं माळरान दिलं आणि १९१० मध्ये निवडुंग साफ करून तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि वाडी सांगली जिल्ह्यात. १९४९ मध्ये हा दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं.

कारखान्यात लोखंडी नांगर बनायचे. पण ते खपवणं सोपं नव्हतं. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. म्हणजे माल चांगला होता, कमी होती ती विश्वासाची. जाहिरात आणि विक्रीचं काम आलं शंकररावांकडे.

त्यातूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते कारखान्याचं प्रोफाइल पेज होतं. आम्ही काय बनवतो, ते कसं चालतं, कारखान्यात नवीन काय, ही माहिती त्यात असायची. हाताशी चित्रकार होताच, खुद्द संपादक.

पण शंकरराव तिथे थांबले नाहीत. फक्त स्वतःची माहिती दिली तर वाचक एकदा बघेल आणि बाजूला ठेवेल, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून अंकात हळूहळू वाचकाच्या आयुष्यातले विषय आले. उद्योग, विज्ञान, आरोग्य, स्त्रियांचे प्रश्न. अंधश्रद्धा आणि जातिभेदावर तर थेट टीका होऊ लागली. सनातनी मंडळी खवळली. ज्या समाजाला माल विकायचा, त्याच्याच रूढींवर बोट ठेवणं धंद्याच्या दृष्टीने जोखमीचं होतं. शंकररावांनी ती जोखीम घेतली.

१९२९ मध्ये नावातला 'खबर' शब्द गेला आणि मासिक फक्त 'किर्लोस्कर' झालं. खबर हा शब्द मराठी नाही, हा सावरकरांचा आक्षेप त्यामागे होता. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगराची माहिती देणाऱ्या पानातून तीन मासिकांचा परिवार उभा राहिला. माळरानावरच्या एका वाडीतून निघालेले हे अंक मराठी घराघरात पोचले.

'शंवाकीय' हे त्यांचं आत्मचरित्र १९७४ मध्ये आलं. १ जानेवारी १९७५ ला ते गेले.

आकड्यांचं कार्ड तुम्ही किती काम केलं ते सांगतं. ते काम कुणाच्या उपयोगी पडलं, हे त्याला सांगता येत नाही. ते स्वतःच लिहावं लागतं. प्रोजेक्ट कुठली अडचण सोडवतो, तो कसा चालवायचा आणि दुसऱ्याला त्यातून काय शिकता येईल, एवढ्या चार ओळी रीडमीत असल्या तरी पान वाचलं जातं. शंकररावांनी हे ओळखलं, तेव्हा त्यांच्या हाताशी फक्त शाई आणि कागद होता.