पाण्याच्या माठापासून सोळाव्या कलमापर्यंत

आमच्या नेरळहून पहाटेच्या लोकलने कितीतरी बायका-मुली कामाला जातात. बचत गटाच्या बैठकीत त्या पगाराबद्दल बोलतात, तसंच आडनावावरून, धर्मावरून ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांबद्दलही. कुणाच्या डब्याकडे बघून नाक मुरडलं जातं, कुणाला मुलाखतीतच घरी काय खाता, असं विचारतात. तेव्हा मी त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नोकरीची हकीकत सांगते. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब सगळ्यांना ठाऊक. नोकरदार बाबासाहेब फारसे कुणाला माहीत नसतात.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला अधिकारी, पण कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून फायली लांबूनच त्यांच्या टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात आली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला, तो मिळाला नाही. कामाठी बागेत पाच तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

पुढच्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना त्यांची व्याख्यानं आवडत. पण तिथेही प्राध्यापकांच्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काहींनी हरकत घेतलीच!

मुंबईच्या कापड गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. एकाच्या उष्ट्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसं लावायचं? म्हणजे धर्माच्या नावाखालचा विटाळ थेट पगारातून कापला जात होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मज्जाव उठलाच पाहिजे, असा आग्रह धरला.

हे सगळं सोसलेल्या माणसाच्या देखरेखीखाली घटना तयार झाली. तिच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करायला बंदी केली. आणि तरी दैव बघा, १९५६ साली त्यांच्यामागून लाखो लोक बौद्ध झाले, तेव्हा धर्म बदलला म्हणून केंद्राच्या नोकऱ्यांतल्या अनुसूचित जातींच्या सवलती त्यांना नाकारल्या गेल्या. त्या मिळायला १९९० साल उजाडलं.

मैत्रिणींनो, खासगी कंपनीत १६ व्या कलमाचा थेट आधार मिळत नाही. म्हणून तिथे आपणच जागं राहायला हवं. भेदभाव चालणार नाही, हे कंपनीच्या नियमांत लेखी असावं, असा आग्रह धरा. कुणाचा अपमान झाला तर तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे वहीत टिपून ठेवा आणि तक्रार लेखीच द्या. आणि हो, जिच्यावर वेळ आली असेल तिच्या शेजारी जेवायला बसा. बडोद्याच्या त्या कचेरीत असं एकही माणूस पुढे आलं नव्हतं.