डॉ. होमी भाभा आणि प्रतिद्रव्य



आपल्या चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळशाचे ढीगच्या ढीग जळतात. तरीही कोळशाच्या वस्तुमानाचा अत्यल्प अंशच ऊर्जेत बदलतो. पण द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांचे कण भिडले, तर दोन्ही नाहीसे होऊन त्यांचे सारे वस्तुमान ऊर्जा बनू शकते. या अद्भुत जोडीचे गणित मांडणारे डॉ. होमी भाभा हे मुंबईचे सुपुत्र होत.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा. केंब्रिजला शिकून मुलाने इंजिनियर व्हावे व जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही वडिलांची इच्छा. होमींचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे. वडिलांनी अट घातली की, आधी इंजिनियरिंगमध्ये प्रथम वर्ग मिळवावा, मग गणित शिकावे. १९३० साली होमींनी अट पूर्ण केली. वडिलांनीही शब्द पाळला.

१९३२ मध्ये अँडरसन यांना विश्वकिरणांत पॉझिट्रॉन सापडला. हा इलेक्ट्रॉनचा जणू जुळा भाऊ. वस्तुमान तेवढेच, विद्युतभार मात्र उलट. हे दोघे भेटले की दरवेळी नष्ट होतातच असे नाही. कधी दिशा बदलून निघूनही जातात. असे किती वेळा घडेल, याचे गणित भाभांनी १९३५ मध्ये केले. जगभरचे शास्त्रज्ञ त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

१९४५ मध्ये त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

पालकहो, मुलामुलींचा कल ओळखा. आणि मुलांनो, आवडीचा विषय मागण्यापूर्वी हाती असलेला अभ्यास नेटाने पुरा करा.