सीझरला मारणाऱ्या ब्रुटसनं शेवटी स्वतःचाच चेहरा नाण्यावर छापला

ब्रुटस म्हटलं की सीझरला दगा देणारा मित्र आठवतो. पण त्याची गोष्ट समजून घ्यायला चांदीची दोन नाणी पुरेशी आहेत.

रोमचं चांदीचं नाणं म्हणजे डिनेरियस, वजन साधारण ४ ग्रॅम. टाकसाळीवर तरुण अधिकारी नेमले जायचे आणि नाण्यावर काय छापायचं हे बऱ्यापैकी तेच ठरवायचे. इ.स.पू. ५४ मध्ये हे काम मार्कस जुनियस ब्रुटसकडे होतं. त्यानं एका बाजूला स्वातंत्र्याची देवी लिबर्टास छापली, दुसऱ्या बाजूला लुसियस ब्रुटस. रोमच्या शेवटच्या राजाला हाकलणारा हा माणूस आपला पूर्वज, असं त्याचं घराणं मानायचं.

नाण्यावर देव चालायचे, पूर्वजही चालायचे. पण रोमच्या टाकसाळीत जिवंत माणसाचा चेहरा छापत नसत.

पुढं सीझर आणि पॉम्पेचं युद्ध पेटलं. पॉम्पेनं ब्रुटसच्या वडिलांना मारलं होतं, तरी ब्रुटस त्याच्याच बाजूनं गेला. पॉम्पे हरला. सीझरनं मात्र ब्रुटसला माफ केलं, वर मोठी पदंही दिली.

इ.स.पू. ४४ उजाडलं आणि डिनेरियसवर सीझरचा चेहरा आला. तो तहहयात हुकूमशहाही झाला. सीझर आता राजा होणार, ही भीती खरी वाटू लागली. १५ मार्चला ब्रुटस आणि इतर सिनेटरांनी त्याला भोसकून मारलं.

पण लोक खूश झाले नाहीत. ब्रुटसला रोम सोडावं लागलं. पूर्वेकडं त्यानं फौज उभी केली आणि सैनिकांच्या पगारासाठी इ.स.पू. ४२ मध्ये नवा डिनेरियस पाडला. त्यावर दोन खंजीर, मधे गुलामीतून सुटलेल्यांची टोपी आणि खाली १५ मार्च ही तारीख. थोडक्यात, खुनाची उघड कबुली.

आणि दुसऱ्या बाजूला? खुद्द ब्रुटसचा चेहरा. ज्या गोष्टीसाठी सीझरकडं संशयानं बघितलं गेलं, तीच त्यानं केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिलिपीच्या लढाईत अँटनी आणि ऑक्टेव्हियननं त्याला हरवलं. ब्रुटसनं तलवारीवर झोकून देऊन जीव दिला. पुढं ऑक्टेव्हियन ऑगस्टस नावानं पहिला सम्राट बनला आणि रोमच्या नाण्यावर सम्राटाचा चेहरा ही कायमची रीत झाली.