जोतीराव आणि आमचा माळ

चौफुल्याहून न्हावऱ्याकडे निघाले की पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. नदीकाठी ऊस उभा असतो, पण पाणी मागे पडले की मुरमाड माळ सुरू होतो. यातला बराच माळ सरकारी वनाचा आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. झाडे कुठे आहेत, असे तो विचारतो.

माझे लहानपण अशा माळाच्या कडेला गेले. आजीच्या दोन शेळ्या एकदा ‘फारेस्टा’त शिरल्या, तेव्हा त्या सोडवायला तिला उसने पैसे घ्यावे लागले. पुढे कॉलेजात असताना ‘शेतकऱ्याचा असूड’ हाती आला आणि मी चकितच झालो. आजीचे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच मांडून ठेवले होते!

महात्मा फुले म्हटले की १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात शेतीतले जोतीराव झाकले जातात. ११ एप्रिल १८२७ ला जन्मलेला हा मुलगा फुलमाळ्याच्या घरचा. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुले हे धंद्यावरून पडलेले नाव. मोठेपणी त्यांनी ठेकेदारी केली, खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवला आणि मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती केली. मांजरी पुण्याहून दौंडकडे येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरच. म्हणजे मुठेचे पाणी आणि कोरडवाहू मुलूख, दोन्ही त्यांच्या नजरेसमोर होते.

या मुलखात त्या वर्षांत काय चालले होते? १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखांचे घर पाडले आणि गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला जमावाने कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. जोतीराव-सावित्रीबाईंनी धनकवडीला पोरक्या मुलांसाठी छावणी चालवली, ती याच काळात. आणि दुष्काळ सरतो न सरतो तोच १८७८ चा वन कायदा आला.

शाळेच्या पुस्तकांत कर्जरोखे येतात, कुरणे येत नाहीत. भीमथडीची तट्टे या कुरणांवर पोसली. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा हे गाव नावातच घोडे घेऊन बसले आहे. धनगरांची मेंढरे, कुणब्याचे बैल, गरिबाची शेळी, सगळ्यांचे पोट याच गवतावर. गवत बंद झाले की जनावर विकावे लागते. मग खत जाते, नांगर अडतो, आणि सावकाराचा उंबरठा चढावा लागतो.

हीच साखळी जोतीरावांनी ओळखली. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर वाहत येऊन शिवाराला खत होतो, हे त्यांनी सांगितले, आणि वनखात्याने गायराने घशात घातल्यावर गरिबाच्या शेरडांनी जायचे कुठे, असा सवाल केला. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. फौजेतल्या व पोलिसांतल्या फावल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शिवारात मुरेल आणि मगच ओढ्याला जाईल. दऱ्याखोऱ्यांत तळी बांधावीत. पाणाड्यांकडून झरे शोधून घ्यावेत. गायराने गावांना परत द्यावीत. सरपण आणि राब यांना मोकळीक असावी, विकण्यासाठी इमारती लाकूड तोडण्यास मात्र सक्त मनाई. खाते बंद करा म्हणणारा हा माणूस जंगलतोडीला कायद्याने आळा घाला असेही त्याच दमात म्हणतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

असूडाची पहिली प्रकरणे ‘दीनबंधू’त छापली गेली आणि मग छपाई थांबली. बडोद्याला सयाजीराव महाराजांना जोतीरावांनी ते वाचून दाखवले. संपूर्ण पुस्तक मात्र त्यांच्या हयातीत निघाले नाही. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला. डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

त्यांच्या सूचनांपैकी पाणी मुरवण्याची गोष्ट सरकारने उशिरा का होईना उचलली. सलग समतल चर, पाणलोट, जलयुक्त शिवार ही सगळी त्याच वाटेवरची कामे. गायरानाचे घोडे मात्र अडलेलेच राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने एकतृतीयांश भूमीवर वन-वृक्षांचे आच्छादन हे उद्दिष्ट ठेवले. १९९२ मध्ये राज्यात संयुक्त वन व्यवस्थापन आले, २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्कही मानला. तरी झाड दिसले तरच वन, ही समजूत सुटली नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने ५० कोटी झाडांचे लक्ष्य घेतले. माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प लावले, तर पवन्या आणि मारवेल मागे हटतात; चिंकारा, लांडगा आणि मेंढपाळ या तिघांचेही घर मोडते. कमी पावसाच्या या पट्ट्यात माळ सुधारणे म्हणजे आधी गवत सुधारणे. चराईला पाळी लावून ते होते, आणि पाळी ठरवायला गाव सोबत लागते.

मागच्या पावसाळ्यानंतर पारगावच्या पुढे पुन्हा उतरलो. चरांच्या कडेला गवत गुडघाभर वाढले होते. एक मेंढपाळ कळप घेऊन रस्त्यातच थांबला होता. रखवालदार आहे का, असे त्याने मला विचारले.