मुरूडने वाळीत टाकलेले अण्णा कर्वे

दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे महर्षी कर्वे. जन्म १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घरची गरिबी. पोरगा शिकायला एवढा आसुसलेला की परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत पायी गेला. तिथं वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढं हाच मुलगा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. गावाला अभिमान वाटावा असंच सगळं.

१८९१ ला पत्नी राधाबाई वारल्या. पदरात लहान मुलगा. त्या काळी बिजवराने दहा-बारा वर्षांची मुलगी करून आणली असती तर गावाने पंगतीत बसून लाडू खाल्ले असते. अण्णांनी तसं केलं नाही. मित्राची बहीण गोदूबाई बालविधवा होती, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ ला पुण्यात त्यांनी तिच्याशी लग्न केलं.

विधवेच्या लग्नाला कायद्याने १८५६ सालीच परवानगी दिली होती. पण गावकी कायद्याला कुठं विचारते?

जोडपं मुरूडला आलं आणि सभा भरली. कर्व्यांशी उठबस बंद असं ठरलं. त्यांना घरात घेतलं तर आई आणि भावावरही बहिष्कार. मुलाला ओसरीवर बसवायचं की गावात राहायचं, असा पेच त्या म्हाताऱ्या आईपुढं टाकला गेला. म्हणजे लग्न केलं एकानं आणि शिक्षा घरादाराला. वाळीत टाकण्याची खरी ताकद यातच असते. महाराष्ट्रात याविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ उजाडलं. त्यात आता तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

अण्णा भांडत बसले नाहीत. १८९६ ला त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढं तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. तिथून कॉलेजला रोज पायपीट. लोक बिथरू नयेत म्हणून पुनर्विवाहाचं काम त्यांनी आश्रमापासून लांब ठेवलं, फक्त शिक्षणावर भर दिला. काही सुधारकांना ही माघार वाटली. पण पोरी शिकायला येत राहिल्या, हे महत्त्वाचं. १९१६ ला महिला विद्यापीठ उभं राहिलं.

१९५८ साली, वयाच्या शंभरीत, अण्णांना भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी ते हयात असतानाच सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.